तिसऱ्या मजल्यापासून फाटकापर्यंत : मोबाइलसाठीचे प्रोटोकॉल कसे जोखावेत

गेल्या महिन्यात अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे तीन प्रकल्प-अहवाल परीक्षक या नात्याने माझ्यासमोर आले. तिन्हींचा विषय जवळजवळ एकच होता : हिंडत्या फोनसाठी कोणता नेटवर्क प्रोटोकॉल (माहिती पोहोचवण्याची नियमावली) अधिक योग्य. तिन्ही गटांनी सिम्युलेटर चालवला होता, तिन्ही अहवालांत रंगीत स्तंभालेख होते, आणि नव्या प्रोटोकॉलचे सरासरी थ्रूपुट, म्हणजे सेकंदाला पोहोचणारी माहिती, जास्त असल्यामुळे तो जुन्यापेक्षा सरस आहे, असा निष्कर्षही तिन्हींनी काढला होता. तोंडी परीक्षेत मी प्रत्येक गटाला एकच प्रश्न विचारला : "फोन एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर गेला, तेव्हा मधे किती वेळ काहीच पोहोचत नव्हते?" उत्तर कोणाकडेच नव्हते. एका मुलीने प्रामाणिकपणे सांगितले, "सर, ते आम्ही मोजलंच नाही." तिला बोल लावण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांनी ज्या शोधनिबंधांचा आधार घेतला होता, त्यांतल्या कित्येकांतही हा आकडा सापडत नाही.

सरासरी इथे कशी फसवते, हे एका साध्या हिशेबावरून दिसते. दहा मिनिटांच्या कॉलमध्ये दोन टक्के पॅकेट (माहितीचे छोटे गठ्ठे) हरवली असे समजा. ती दहा मिनिटांभर विखुरलेली असतील, तर आवाजाची बांधणी-सोडवणी करणारे आजचे कोडेक ती भोके बेमालूम बुजवतात आणि बोलणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. तीच दोन टक्के पॅकेट सलग हरवली, तर बारा सेकंद कानात काहीही पडत नाही. माणूस तीन वेळा "हॅलो, हॅलो" म्हणतो आणि फोन ठेवून देतो. अहवालाच्या तक्त्यात मात्र हे दोन्ही कॉल एकाच ओळीत, एकाच आकड्याने बसतात. म्हणून हिंडत्या उपकरणाच्या बाबतीत सर्वांत आधी मोजायची गोष्ट म्हणजे सर्वांत लांब खंड, आणि त्यानंतर तो खंड कोणामुळे पडला याची फोड. बाकीचे सगळे आकडे मी त्यानंतर पाहतो.

हा खंड पडण्याचे मूळ टीसीपी या इंटरनेटच्या जुन्या, मूलभूत प्रोटोकॉलच्या जन्मकाळात आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७९३ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) नुसार टीसीपीची जोडणी चार गोष्टींवरून ओळखली जाते : इकडचा आयपी पत्ता, इकडचा पोर्ट (यंत्रातल्या प्रोग्रामचा दार-क्रमांक), तिकडचा आयपी पत्ता आणि तिकडचा पोर्ट. यांपैकी एक जरी बदलली, तरी समोरच्याच्या दृष्टीने तो कोणी परका असतो. त्या काळी संगणक जागचे हलत नसत, त्यामुळे आयपी पत्त्याने "तू कोण" आणि "तू कुठे" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकट्याने दिली तरी कोणाचे अडत नव्हते. आपल्याकडच्या कोणत्याही सरकारी अर्जावर "कायमचा पत्ता" आणि "सध्याचा पत्ता" असे दोन वेगळे रकाने असतात. इंटरनेटच्या अर्जावर एकच रकाना छापला गेला आणि पुढची चाळीस वर्षे दुसऱ्या रकान्यासाठी समासात जागा शोधण्यात गेली.

दुसरा रकाना आणण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न म्हणजे मोबाइल आयपी. चार्ल्स पर्किन्स यांनी संपादित केलेला त्याचा मसुदा ऑक्टोबर १९९६ मध्ये आरएफसी २००२ म्हणून आला. कल्पना अगदी पोस्टातली आहे. गावाकडच्या घरी एक विश्वासू माणूस ठेवायचा, ज्याला होम एजंट म्हणतात; आपण मुक्काम हलवला की त्याला नवा पत्ता कळवायचा; आणि कायमच्या पत्त्यावर आलेले प्रत्येक पत्र त्याने दुसऱ्या पाकिटात घालून, वर "द्वारा" लिहून, आपल्याकडे धाडायचे. पाकिटात पाकीट घालण्याच्या या क्रियेला जाणकार बोगदा म्हणतात. खरे बोगदे पुढे येणार आहेत, म्हणून दोन्हींची गल्लत होऊ नये एवढ्यासाठी हे इथेच सांगून ठेवतो.

या योजनेचे मूल्यमापन करताना पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो वळसा. पुण्यातल्या एकाच सभागृहात दोघे शेजारी बसले आहेत आणि त्यांतल्या एकाचा होम एजंट कॅलिफोर्नियात आहे, तर शेजाऱ्याने त्याला पाठवलेले पॅकेट समुद्र ओलांडून जाते आणि तोच समुद्र ओलांडून परत येते. त्यात आणखी एक अडचण होती. बाहेरगावी असलेला फोन उत्तर पाठवताना प्रेषक म्हणून आपला कायमचा पत्ता लिहितो. पण खोट्या पत्त्यांचा सुळसुळाट रोखण्यासाठी, आपल्या हद्दीबाहेरचा प्रेषक-पत्ता लिहिलेले पॅकेट वेशीवरच टाकून द्यावे, अशी शिफारस मे २००० मधल्या आरएफसी २८२७ ने केली. म्हणजे प्रामाणिक फोनचे पॅकेटही चोराच्या मालासोबत जप्त. त्यावर उपाय म्हणून उत्तरेही होम एजंटमार्गे पाठवायची सोय झाली आणि वळसा दुहेरी झाला.

जून २००४ मध्ये आरएफसी ३७७५ म्हणून आलेल्या मोबाइल आयपीव्ही६ ने, म्हणजे आयपीच्या सहाव्या आवृत्तीसाठीच्या योजनेने, थेट रस्ता उघडला, पण तो उघडताना एक नवा प्रश्न समोर आला : "माझा नवा पत्ता हा" असे सांगणारा खरा कशावरून? कोणीही उठून दुसऱ्याच्या नावाने पत्ताबदल कळवला, तर त्याची सगळी टपाल तिसऱ्याच्या दारात जाऊन पडेल. म्हणून दोन पत्रे पाठवून खातरजमा करायची पद्धत आली; एक होम एजंटमार्गे, एक थेट, आणि दोन्हींची उत्तरे जुळली तरच नोंद बदलायची. सुरक्षिततेची ही किंमत वेळेत मोजावी लागते आणि ती खंडात मिळवावी लागते.

त्या काळातल्या मोजमापांविषयी माझी जुनी तक्रार इथे सुरू होते. पत्ताबदलाचा संदेश निघाल्यापासून त्याची पोच मिळेपर्यंतचा वेळ पुष्कळांनी काटेकोरपणे मोजला. पण त्याआधी फोनला आपण हललो आहोत हे उमगावे लागते, नवा पत्ता तयार करावा लागतो, आणि तो पत्ता त्या जाळ्यात दुसऱ्या कोणी घेतलेला नाही ना, हे विचारून थांबावे लागते. ठरावीक मांडणीत आयपीव्ही६ मधली ही थांबण्याची वेळच एक सेकंद असते. संवादासाठी एकतर्फी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते. त्या मापाने एक सेकंद म्हणजे युग आहे. ज्या भागात खरा वेळ जातो तो भाग गृहीत धरायचा आणि उरलेल्या भागातल्या काही मिलिसेकंदांवरून स्पर्धा लावायची, ही सवय तेव्हा लागली आणि अजून सुटलेली नाही.

प्रत्यक्षात मोबाइल कंपन्यांनी हा प्रश्न वेगळ्याच पातळीवर मिटवला. जीपीआरएस या जुन्या मोबाइल डेटा सेवेपासून ५जीपर्यंत त्यांच्या जाळ्यात जीटीपी नावाची बोगद्यांची व्यवस्था आहे. फोन टॉवर बदलत राहतो, पण त्याचा आयपी पत्ता आत कुठेतरी एका खुंटीला बांधलेला असतो. ४जीत ती खुंटी म्हणजे पी-गेटवे, ५जीत यूपीएफ. त्यामुळे एकाच कंपनीच्या जाळ्यात फिरताना वरच्या टीसीपीला सहसा काही कळतही नाही. ही साधी गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे मूल्यमापन कसे भलतीकडे जाते, याचे उदाहरण मी स्वतः पाहिले आहे. एका गटाने पुणे ते मुंबई रेल्वेप्रवासात चाचणी घेतली आणि पत्ता बदलताना प्रोटोकॉल कसे वागतात याचे पानभर विवेचन लिहिले. नोंदी उघडून पाहिल्या तेव्हा लक्षात आले की पुणे स्थानकापासून दादरपर्यंत त्यांच्या फोनचा आयपी पत्ता एकदाही बदललेला नव्हता.

त्यांनी जे मोजले ते निरुपयोगी होते असे नाही. ते फक्त वेगळे होते. पत्ता बदलणे आणि काही काळ संपर्कच नसणे, या दोन भिन्न घटना आहेत, आणि दुसरी घटना पाहायला बोरघाटासारखी प्रयोगशाळा नाही. खंडाळा ते पळसदरी या टप्प्यात गाडी सावकाश उतरत असते आणि वीसहून अधिक बोगदे एकामागून एक येतात. खिडकीत उजेड, अंधार, पुन्हा उजेड. फोनवरच्या रेंजच्या काड्याही त्याच तालात येतात-जातात.

तिथे टीसीपीचे काय होते ते पाहा. पॅकेटची पोच आली नाही तर टीसीपी ते पुन्हा पाठवतो, आणि दर वेळी थांबण्याचा अवधी दुप्पट करतो, कारण पोच न येणे म्हणजे पुढे गर्दी आहे असे तो समजतो. पहिला अवधी ०.४ सेकंद धरला, तर पुनःप्रयत्न ०.४, १.२, २.८, ६.०, १२.४ आणि २५.२ व्या सेकंदाला होतात आणि त्यानंतरचा थेट ५०.८ व्या सेकंदाला. आता रेंज २७ व्या सेकंदाला परत आली असे धरा. फोनवर चार काड्या दिसत आहेत, टॉवर मोकळा आहे, प्रवासी पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे पाहतो आहे, आणि सर्व्हर मात्र आपण ठरवलेल्या वेळेची वाट पाहत जवळजवळ २४ सेकंद स्वस्थ बसला आहे. त्याची वेळ भरेपर्यंत गाडी पुढच्या बोगद्यात शिरलेली असू शकते. खंड २७ सेकंदांचा नव्हे, पन्नासचा किंवा त्याहूनही मोठा झाला. टीसीपीला पर्याय म्हणून आलेल्या क्विक या नव्या प्रोटोकॉलमध्येही अवधी दुप्पट करण्याचा नियम आहेच, त्यामुळे केवळ प्रोटोकॉल नवा आहे म्हणून हे दुखणे जात नाही. अ‍ॅपने संपर्क आल्याचे पाहून स्वतः काही हालचाल केली तरच ते जाते. हा सगळा तपशील सरासरी थ्रूपुटच्या एका स्तंभात विरघळून दिसेनासा होतो.

गर्दीचा हा गैरसमज जुना आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या चारशे यार्डांच्या अंतरावर वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता, आणि त्यातून व्हॅन जेकबसन यांचे १९८८ चे गर्दी-नियंत्रण जन्मले. तारांच्या जाळ्यात पॅकेट हरवणे म्हणजे गर्दी, हे तेव्हा खरेच होते. पुढे बिनतारी जाळ्यांत पॅकेट हवेतल्या गोंगाटानेही हरवू लागली आणि टीसीपी विनाकारण वेग कमी करू लागला. १९९५-९६ च्या सुमारास हरी बालकृष्णन आणि त्यांच्या बर्कलीतल्या सहकाऱ्यांनी यावरचे अनेक उपाय एकाच मापाने ताडून पाहिले. त्यांच्या स्नूप या पद्धतीत टॉवरच्या जागी असलेले यंत्र हरवलेले पॅकेट परस्पर पुन्हा पाठवते आणि मूळ प्रेषकाला त्याचा सुगावा लागू देत नाही. ते काम आजही वाचावे इतके नेटके आहे.

पण परिस्थिती तिथेच थांबलेली नाही. ४जी आणि ५जीमध्ये रेडिओचा थर स्वतःच पुनःप्रेषण करतो, त्यामुळे वरच्या थराला हरवलेली पॅकेट क्वचित दिसतात. त्याऐवजी दिसतो तो विलंब, आणि तोही अचानक उसळी घेणारा. तरीही माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या अहवालात लिनक्सच्या नेटेम या जाळ्यातले दोष मुद्दाम घडवणाऱ्या साधनात "दोन टक्के यादृच्छिक हानी" असे टाकून त्याला मोबाइल जाळे म्हटलेले असते. मुलांनी चाचणी घेतली असते ती १९९५ च्या बिनतारी लॅनची. प्रत्यक्ष जाळ्यात नोंदवलेली चढउतार मिलिसेकंदागणिक पुन्हा वाजवून दाखवणारी माहीमाही यासारखी साधने २०१५ पासून उपलब्ध आहेत आणि फुकट आहेत. ती न वापरण्याला आळसाखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही.

माझा स्वतःचा आवडता प्रयोग मात्र रेल्वेत नाही, आमच्या जिन्यात होतो. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. काखेत उघडा लॅपटॉप, त्याला यूएसबीने जोडलेला फोन, म्हणजे घरचे वायफाय आणि मोबाइलचे जाळे असे दोन्ही रस्ते हाताशी. आणि तिसऱ्या मजल्यापासून सोसायटीच्या फाटकापर्यंत नेहमीच्या चालीने उतरायचे. वाटेत दर २० मिलिसेकंदांनी एक क्रमांक घातलेले छोटे पॅकेट भाड्याने घेतलेल्या सर्व्हरकडे जात राहते. सर्व्हर फक्त क्रमांक आणि पोहोचल्याची वेळ लिहून ठेवतो. दोन्ही टोकांची घड्याळे जुळवण्याच्या फंदात मी पडत नाही, कारण लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत कित्येक मिलिसेकंदांचा फरक सहज असू शकतो आणि मग एकतर्फी विलंबाचे सगळे आकडे संशयास्पद होतात. लागोपाठच्या दोन पॅकेटांमधले अंतर मोजायला एकच घड्याळ पुरते, आणि खंड म्हणजे नेमके तेच अंतर. चौथ्या फेरीच्या वेळी रखवालदाराने विचारले, "साहेब, काही हरवलंय का?" पॅकेट हरवली आहेत, हे त्यांना सांगण्याचा मोह मी आवरला.

दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळे सुरळीत असते. पहिल्या मजल्याच्या वळणावर वायफाय क्षीण होते, आणि तळमजल्यावरच्या वीजमीटरांच्या खोलीजवळ पॅकेट पोहोचणे बंद होते. पण वायफायचे चिन्ह पडद्यावर कायम असते. याचे कारण मजेशीर आहे. राउटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी "मी आहे" अशी हाळी देतो, ती सर्वांत कमी वेगाने देतो आणि त्याची प्रक्षेपणशक्ती सहसा फोनपेक्षा अधिक असते. त्यामुळे त्याची हाळी खालपर्यंत ऐकू येते, आपले बोलणे मात्र वर पोहोचत नाही. तो ऐकू येतो म्हणजे संबंध शाबूत आहे, अशा समजुतीत उपकरण त्या मेलेल्या रस्त्याला चिकटून राहते, आणि वायफाय गेले असे कार्यप्रणालीने (ऑपरेटिंग सिस्टिमने) अखेर जाहीर करेपर्यंत मी फाटकाजवळ आलेलो असतो.

इथे मी तीन पर्याय पाहिले : साधा टीसीपी, ज्यात जोडणी तुटल्यावर अ‍ॅप नवी जोडतो; मल्टिपाथ टीसीपी, जो एकच जोडणी अनेक रस्त्यांवर चालवू शकतो; आणि क्विक. पहिल्या दिवशीचा क्रम स्पष्ट होता. मल्टिपाथ टीसीपी पुढे, बाकीचे दोघे बरेच मागे आणि जवळजवळ बरोबरीत. अहवाल लिहिणारा इथे थांबला असता आणि मल्टिपाथ टीसीपी सरस असल्याचा निर्वाळा देऊन मोकळा झाला असता. पण नोंदी पाहिल्यावर कळले की मल्टिपाथ टीसीपी पुढे होता, कारण तो कार्यप्रणालीच्या घोषणेची वाट पाहत नव्हता. आपल्या पॅकेटांच्या पोचा येत नाहीत एवढ्यावरून त्याने वायफायचा रस्ता सोडला होता. माझा क्विकचा क्लायंट मात्र वायफाय गेल्याची अधिकृत बातमी येईपर्यंत हलत नव्हता. मी त्यात एवढाच बदल केला की सलग तीन वेळा पोच आली नाही तर दुसरा रस्ता चाचपायचा. दुसऱ्या दिवशी दोघांतला फरक नाहीसा झाला. म्हणजे आदल्या दिवशी मी प्रोटोकॉलांची तुलना केलीच नव्हती. रस्ता बंद झाल्याचे कोण आधी ओळखतो, याची तुलना केली होती.

तेव्हापासून मी खंडाचे तीन तुकडे करतो. रस्ता बंद पडल्यापासून ते लक्षात येईपर्यंतचा पहिला, लक्षात आल्यापासून नव्या रस्त्याने पहिले पॅकेट निघेपर्यंतचा दुसरा, आणि तिथून पूर्ववत वेग येईपर्यंतचा तिसरा. जिन्यावरच्या प्रत्येक फेरीत पहिला तुकडा सेकंदांत आणि दुसरा त्याच्या कितीतरी खाली भरला. प्रोटोकॉलांचे तपशील ज्यावर भांडतात तो मुख्यतः दुसरा तुकडा आहे.

त्याचा हिशेब कागदावरही करता येतो. २०१७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी क्विकविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात काही देशांची तुलना होती. दक्षिण कोरियात सरासरी किमान फेरीवेळ (पॅकेट जाऊन उत्तर परत येण्याचा वेळ) ३८ मिलिसेकंद आणि टीसीपीचे पुनःप्रेषण १ टक्का होते, तर भारतात हेच आकडे १८८ मिलिसेकंद आणि ८ टक्के. (क्विकचा सर्वाधिक फायदाही त्या तिघांत, म्हणजे कोरिया, अमेरिका आणि भारत यांच्यात, गूगलवरच्या शोधाच्या विलंबाबाबत भारतालाच झालेला दिसतो, जे ओघानेच आले.) हा १८८ चा प्रतिकूल आकडा धरला तरी, टीसीपीची नवी जोडणी आणि त्यावर टीएलएस १.३ या सांकेतीकरणाच्या प्रोटोकॉलची ओळखपरेड मिळून दोन फेऱ्या, म्हणजे ३७६ मिलिसेकंद लागतात. जोडणी न तोडता नव्या रस्त्यावर नेल्यामुळे जे वाचते ते साधारण एवढेच. बातम्यांचे अ‍ॅप, निरोपांचे अ‍ॅप, तीस सेकंदांचा साठा करून ठेवणारा व्हिडिओ, यांच्या बाबतीत तुटून पुन्हा जुळणे हा तितकासा वाईट पर्याय नाही. म्हणून अहवालातला प्रतिस्पर्धी "तुटला आणि मेला" असा बुजगावण्यासारखा उभा न करता "तुटला आणि लगेच पुन्हा जुळला" असा घ्यावा, असा माझा आग्रह असतो. आवाजी कॉल, मोठी फाइल वर चढवणे, व्हीपीएन, दूरच्या यंत्रावरचे टर्मिनल, जिथे तुटण्याने सर्व्हरवरची चालू अवस्थाच गमावली जाते, तिथे स्थलांतराची खरी किंमत कळते.

मल्टिपाथ टीसीपीचा पहिला मोठा वापर नेमका अशाच जागी झाला. त्याचा आरएफसी ६८२४ जानेवारी २०१३ मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या आयओएस ७ मध्ये अ‍ॅपलने तो सिरीसाठी वापरला; घरातून गाडीकडे चालत जाणारा माणूस बोलतो आहे आणि वायफाय सुटते आहे, हाच तो जिना. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये तो मार्च २०२० मधल्या ५.६ या आवृत्तीपासून आहे. या प्रोटोकॉलची बाह्य रचना हुबेहूब साध्या टीसीपीसारखी ठेवण्यात आली, कारण वाटेतल्या फायरवॉल आणि तत्सम यंत्रांना अनोळखी पर्याय खपत नाहीत. २०११ मध्ये २४ देशांतल्या १४२ जाळ्यांवर झालेल्या एका पाहणीने तशा यंत्रांच्या खोड्या तपशीलवार नोंदवल्या होत्या. दोन रेडिओ एकदम जागे ठेवले तर बॅटरीवर भार येतो, हेही विसरून चालत नाही. अमेरिकेतल्या एका ४जी जाळ्यावर २०१२ मध्ये मोजलेले होते की शेवटचे पॅकेट गेल्यानंतरही फोनचा रेडिओ ११ सेकंदांहून अधिक काळ जागा राहतो. तेव्हा "मी जिवंत आहे" असा एक इवलासा निरोप पाठवण्याची किंमत त्या निरोपाच्या आकारावरून ठरत नाही. खंड आणि बॅटरी हे दोन आकडे शेजारी-शेजारी नसतील, तर मी ती तुलना अपुरी समजतो.

क्विकची गोष्ट थोडी निराळी आहे. मे २०२१ मधल्या आरएफसी ९००० नुसार त्याची जोडणी पत्त्यावरून नव्हे, तर जास्तीत जास्त २० बाइटांच्या एका ओळखक्रमांकावरून ओळखली जाते, म्हणजे अर्जावरचा दुसरा रकाना इथे अखेर रीतसर छापला गेला. नव्या पत्त्यावरून पॅकेट आले की सर्व्हर आठ बाइटांचे एक आव्हान पाठवतो, त्याचे उत्तर त्याच रस्त्याने येईपर्यंत मिळालेल्या मजकुराच्या तिपटीहून अधिक काही पाठवत नाही, आणि दुसऱ्याच्या पत्त्यावर पूर लोटण्याची वाट बंद होते. कागदावर हे देखणे आहे. पण मागे एका कामात आम्ही महिनाभर क्लायंट घासूनपुसून तयार केला आणि स्थलांतर दर वेळी फसत राहिले. अखेर कळले की सर्व्हरांच्या पुढे बसवलेला लोड बॅलन्सर (सर्व्हरांमध्ये काम वाटून देणारे यंत्र) जुन्या पद्धतीने पत्ता आणि पोर्ट पाहूनच पॅकेट वाटत होता. पत्ता बदलला की पॅकेट भलत्याच सर्व्हरकडे जात होते आणि तो बिचारा ओळखक्रमांक पाहून ते टाकून देत होता. प्रोटोकॉल निर्दोष, लायब्ररी (क्विकचा तयार कोडसंग्रह) निर्दोष, आणि फळ शून्य. त्यामुळे "स्थलांतराची सोय आहे का" या रकान्यात मी आता लायब्ररीचे नाव स्वीकारत नाही. प्रत्यक्ष सर्व्हरपर्यंत गेलेल्या पॅकेटची नोंद मागतो.

चांगले मूल्यमापन कसे दिसते, असे मुले विचारतात तेव्हा मी त्यांना मॉशचे उदाहरण देतो. कीथ विन्स्टाइन आणि हरी बालकृष्णन यांनी २०१२ मध्ये मांडलेले हे दूरस्थ टर्मिनल यूडीपीवर, म्हणजे जोडणी न बांधताच पॅकेट पाठवणाऱ्या साध्या प्रोटोकॉलवर, चालते आणि पत्ता बदलला तरी तुटत नाही. त्यांनी थ्रूपुटला हातच लावला नाही. सहा जणांचे ४० तासांचे खरे काम नोंदवले आणि कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतचा वेळ मोजला. ३जी जाळ्यावर एसएसएच या नेहमीच्या दूरस्थ टर्मिनलमध्ये त्याचा मध्यांक ५०३ मिलिसेकंद होता, मॉशमध्ये ५ पेक्षा कमी. मोजपट्टी वापरणाऱ्याच्या बोटाशी लावलेली होती, म्हणून आकडा पटतो.

उलट उदाहरणेही आहेत. सिम्युलेटरमध्ये उपकरणे फिरवण्यासाठी वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या रँडम वेपॉइंट या प्रारूपात किमान वेग शून्य ठेवला, तर वेळ जाईल तसा सगळ्यांचा सरासरी वेग घटतच जातो, हे २००३ मध्ये दाखवले गेले. म्हणजे लांबलचक चाचणीच्या शेवटी "हिंडती" उपकरणे जवळपास बसलेली असत. २००५ मध्ये एका नामांकित परिषदेच्या पाच-सहा वर्षांतल्या निबंधांची पाहणी झाली, तेव्हा पुन्हा करून पाहता येतील असे निबंध १५ टक्क्यांहून कमी निघाले.

या सत्रापासून प्रकल्पाच्या नमुन्यात मी फेरफार केला आहे. सरासरी थ्रूपुटचा तक्ता परिशिष्टात गेला आणि पहिल्या पानावर खंडाचे तीन तुकडे आले, प्रत्येक फेरीचे वेगळे. परवा नव्या गटातला एक मुलगा विचारत होता, "सर, आमच्या इमारतीत जिना कोणी वापरत नाही, लिफ्टमध्ये चाचणी घेतली तर चालेल का?" लोखंडी पेटीत वायफाय आणि मोबाइल दोन्ही एकदम जातात, तेव्हा हलायला दुसरा रस्ताच उरत नाही, आणि बोरघाटातल्या बोगद्याचा तो घरगुती अवतार ठरतो. चालेल, म्हणालो, फक्त दार मिटल्याची आणि उघडल्याची वेळ पॅकेटांच्या नोंदीबरोबर एकाच घड्याळावर लिहा.